सोम, डॉलर आणि बाबांचं खातं

अगं बाई, तुझा मेसेज वाचला. परीक्षा झाली की घरी यायचंय, हाताशी साठेक हजार सोम उरलेत, आणि होस्टेलमधला तो सीनियर दादा म्हणतो, ‘सोम मला दे, अकोल्यात तुझ्या बाबांच्या खात्यावर रुपये येतील, एकास एक.’ देऊ का, एवढंच तू विचारलंस. देऊ नको, एवढंच माझं उत्तर. पण नुसत्या ‘नको’वर गप्प बसायला तू काही आई नाहीस. तू बाबांवर गेलीस, ‘काऊन?’ विचारल्याशिवाय तुला घास उतरत नाही. मीही आत्ताच दवाखान्यातून आलेय, पोरगं झोपलंय, अमरावतीत राजापेठेतल्या या घरात कूलरचा घरघराट सुरू आहे. तेव्हा सगळं नीटच सांगते. बिश्केकमध्ये मीही शिकले, त्या खिडक्यांसमोर मीही उभी राहिलेय. पुस्तकातलं सांगत नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की कर. सोम किर्गिझस्तानात पैसा आहे. अकोल्यात तो कागद आहे. टिळक रोडवरच्या कुठल्याही दुकानात पाच हजारांची ती नोट दाखव, माणूस उलटसुलट करून पाहील आणि पोराला खेळायला देईल. मनी चेंजरच्या पाटीवर डॉलर, युरो, पौंड, दिरहम, रियाल असतात. सोम मी तरी कधी पाहिला नाही.

हे आपल्या घराण्याला नवीन नाही बरं. आजी सांगायची, तिच्या आईचं माहेर हिंगोलीकडे, निजामाच्या राज्यात, आणि सासर वाशीमकडे, म्हणजे इंग्रजांच्या वऱ्हाडात. मध्ये पैनगंगा. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. सरकारी हिशेब सहा कलदाराला सात हाली असा. माहेरी निघायचं तर कनवटीचा पैसा बदलूनच निघायचं, आणि परतताना जो हाली उरेल तो तिथंच खर्चून यायचं, मग भले नको असलेली बांगडी घ्यावी लागो. हाली नवा निघणं १९५१ मध्ये थांबलं आणि १९५९ मध्ये तो चलनातूनच गेला. तोवर ज्यांनी मडक्यात जपून ठेवला त्यांच्याकडे राहिली ती चांदी. शाळा न शिकलेल्या त्या बाईला जे कळत होतं ते आपल्या एमबीबीएसच्या पोरापोरींना कळत नाही याचं मला नवल वाटतं.

अलीकडचंच पाहा. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला, त्याच दिवशी तिथल्या राष्ट्रीय बँकेनं परकीय चलनाचा बाजार थांबवला आणि डॉलरचा भाव २९.२५ रिव्नियावर खिळवून टाकला. कागदावर भाव होता, पण त्या भावानं डॉलर द्यायला सीमेपलीकडे कोणी बसलं नव्हतं. पोलंडमध्ये पोचलेल्या लोकांच्या हातात रिव्नियाच्या गड्ड्या होत्या आणि मनी चेंजर एक तर घेत नव्हते, नाही तर मातीमोल भावानं घेत होते. पोलंडच्या आणि युक्रेनच्या मध्यवर्ती बँकांनी करार केला आणि महिनाभरानं, मार्चच्या अखेरीस, कुठं माणशी १०,००० रिव्निया बदलून मिळायला लागले, तेही युक्रेनच्या प्रौढ नागरिकांना. आपली पोरं त्याआधीच ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी परतली होती. त्यांच्या रिव्नियाचं काय झालं असेल ते तूच ताड.

युद्धाची भीती घालत नाही तुला. सांगायचं एवढंच की तिथलं चलन महिन्याभराच्या खर्चापुरतं हातात ठेवायचं. त्यावरचं सगळं डॉलरमध्ये. तू उलटं केलंस. जानेवारीत सगळे डॉलर एका दमात सोम करून टाकलेस. पुढच्या वेळी शंभराची एकेक नोट मोडत जा.

आता त्या दादाच्या ‘एकास एक’कडे येऊ. हे ‘एकास एक’ फार फसवं आहे, कारण ते खरं वाटतं. डॉलरला सत्त्याऐंशीच्या आसपास सोम मिळतात आणि रुपयाही त्याच्या आगेमागेच फिरतो. त्यामुळे तिथली आपली पोरं भाजी घेतानासुद्धा सोमला रुपयाच म्हणतात. पण ‘आसपास’ या शब्दातच कुणाचं तरी कमिशन बसलेलं असतं. कागद घे आणि माझ्याबरोबर हिशेब मांड. आकडे समजण्यापुरते धरलेत, त्या दिवशीचा भाव तू पाहशीलच. समज खिडकीवर डॉलर ८७.६० सोमला विकत मिळतो. ६०,००० सोमचे झाले ६८५ डॉलर. समज भारतात डॉलरचा बाजारभाव ९० रुपये आहे आणि मनी चेंजर तुझ्याकडून ८८.५० नं घेतो. झाले ६०,६०० च्या वर. त्यातून जीएसटीचे शंभरेक रुपये वजा कर. तरी साठ हजार पाचशे हातात येतात. म्हणजे सगळ्या कटकटी करून, दोनदा बदलूनही, दादाच्या मेहेरबानीपेक्षा पाचशे जास्तच. मेहेरबानी कोण कोणावर करतंय ते बघ.

आणि हा तर चुकीचाच हिशेब आहे. सप्टेंबरमध्ये तुझी फी आहे ना? कॉन्ट्रॅक्टवर ती डॉलरमध्ये लिहिलेली आहे. मग ६८५ डॉलरचे रुपये करायचे कशाला? जूनमध्ये तू ते रुपये करणार, आणि ऑगस्टमध्ये बाबा तेच डॉलर पुन्हा विकत घेणार, समज ९१.५० नं. ६२,६०० च्या पुढे गेले. आलेले साडेसाठ हजार, गेलेले बासष्ट हजार सहाशे. दोन हजारांच्या वर रुपये फक्त खिडक्यांना वाटले, काहीही न करता. बाबा कापूस घेऊन जातात तेव्हा ओलावा सांगून वजनात कापतात ना, आणि पुन्हा दुसऱ्या काट्यावर न्यावं तर तिथंही कापतात? तसं प्रत्येक खिडकीवर कापलं जातं. म्हणून जितक्या कमी काट्यांवर माल चढेल तितकं बरं. सोमचे डॉलर कर आणि ते डॉलर फीसाठी ठेव.

पण भाव हा माझा खरा मुद्दा नाही. भाव त्यानं दोन हजारांनी चांगला दिला असता तरी मी नकोच म्हटलं असतं. त्याचं कारण बाबांचं खातं.

दादा हे कसं करतो ते तुला माहीत आहे का? त्याच्याकडे दोन प्रकारची पोरं येतात. एकाला सोम हवेत, त्याच्या घरच्यांकडे रुपये आहेत. दुसरीला, म्हणजे तुला, सोम नकोत आणि रुपये हवेत. तो तुझे सोम त्याला देतो, आणि त्या पोराच्या घरचे तुझ्या बाबांना यूपीआय करतात. पैसा हिमालय ओलांडतच नाही. सोम बिश्केकमध्येच फिरला, रुपया भारतातच फिरला. मध्ये दादानं दोन टक्के खाल्ले. किती सोपं, नाही? ना फॉर्म, ना पॅन, ना जीएसटी. याला होस्टेलमध्ये ‘अॅडजस्टमेंट’ म्हणतात. जगात याला हवाला म्हणतात.

फेमा हा परकीय चलनाचा १९९९ चा कायदा आहे. त्याचं कलम ३ वाचायला वकील लागत नाही. भारतात पैशाचा व्यवहार करायचा आणि त्याच्या बदल्यात परदेशात कुणी काही मिळवायचं, हे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय चालत नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. तू म्हणशील, ‘ताई, साठ हजारांसाठी ईडी येणार आहे का अकोल्यात?’ नाही येणार. मीही ती भीती घालत नाही. येतो तो बँकेचा फोन.

माझ्या ओळखीच्या एका घरात हे झालं. गाव सांगत नाही. पोरीनं तिकडं सोम दिले, इकडं वडिलांच्या खात्यावर तीन वेगवेगळ्या अनोळखी नावांनी पैसे आले. पंधरा-वीस दिवसांनी ते पेन्शन काढायला गेले तर खातं बंद. बँक म्हणे, दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांकडून होल्ड आहे. झालं होतं असं की, त्या तिघांपैकी एकानं पाठवलेले पैसे त्याचे नव्हतेच. ते कुठल्या तरी म्हाताऱ्याला फसवून काढलेले होते. म्हाताऱ्यानं १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. पैसा ज्या ज्या खात्यातून गेला तिथं तिथं पोलिसांनी कुलूप घातलं, आणि साखळीच्या शेवटी हा आपला निवृत्त मास्तर. आता सिद्ध कर की हे पैसे कशाचे. काय सांगणार? ‘माझ्या मुलीनं परदेशात चलन विकलं, त्याचे’? म्हणजे एका भानगडीतून सुटायला दुसरी कबूल करायची. वकील, अर्ज, परराज्यातल्या पोलीस ठाण्याला मेल, आणि तोवर गॅसचं बिलसुद्धा शेजाऱ्याकडून भरायचं. खातं सुटलं शेवटी. पण मास्तर त्यानंतर कुणाशी धड बोलेनात.

आपल्या बाबांच्या त्या एकाच खात्यावर पीककर्ज आहे, कापसाचे पैसे तिथंच येतात, आईच्या औषधांचे तिथूनच जातात. जूनमध्ये पेरणी. मृगाच्या तोंडावर खातं बंद पडलं तर बियाणं कशानं आणायचं? दादा चांगला मुलगा असेल, तुला विमानतळावर घ्यायला आला असेल, सगळं कबूल. पण त्याला पैसे पाठवणारे कोण आहेत ते त्यालाही माहीत नाही.

बरं, आता खिडकी.

शहरात मोस्कोव्स्काया आणि जुन्या सोवेत्स्काया या रस्त्यांच्या चौकात, ज्याला तिथं मोसोवेत म्हणतात, मनी चेंजरची रांगच आहे हे तुला सांगायला नको. तिथं एका दुकानाचा भाव पाहून शेजारी जायला दहा पावलं लागतात, म्हणून भाव आपोआपच ताळ्यावर राहतो. पाटीवर दोन रकाने. लक्षात ठेव, पाटी दुकानदाराच्या बाजूनं लिहिलेली असते. पहिला आकडा तो घेतो त्याचा, दुसरा तो देतो त्याचा. तुला डॉलर घ्यायचेत म्हणजे दुसरा, मोठा आकडा तुझा. दोन आकड्यांत अंतर जितकं कमी तितका दुकानदार बरा. डॉलरचं अंतर तिथं पैशापैशांत असतं. भारतीय रुपया मात्र कुठं घेत असले तरी हे अंतर इतकं असतं की बघूनच पोटात गोळा येतो. रुपये तिथं बदलायला नेऊच नको. तसेही भारतातून निघताना २५,००० रुपयांच्या वर नोटा नेता येत नाहीत, आणि तेवढ्याही न्यायची गरज नाही. दिल्लीत उतरल्यावर गाडीभाड्याला लागतील तेवढ्या ठेव.

आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, दुपारी. शनिवार-रविवारी बँका बंद, मग पाटीवरलं अंतर वाढतं. विमानतळावर तर बदलूच नको. एकटी जाऊ नको. तिथं रस्त्यात ‘मी जास्त देतो’ म्हणणारा भेटला तर मान वळवून पुढं हो. नोटा खिडकीसमोरच मोज, त्याच्या मशिनमधून दोनदा फिरवून घे, आणि पर्समध्ये ठेवल्याशिवाय तिथून हलू नको. मागच्या माणसानं सुस्कारा टाकला तर टाकू दे.

आता नोटांबद्दल, हे फार कमी पोरींना कुणी सांगतं. शंभराची नोट निळ्या पट्टीचीच घे. ती २०१३ च्या ऑक्टोबरपासून निघाली. अमेरिका म्हणते, १८६१ पासूनची आमची प्रत्येक नोट चालते. अमेरिकेचं म्हणणं मोसोवेतच्या खिडकीत बसलेल्या बाईला मान्य नाही. जुनी नोट, घडी पडलेली नोट, कोपऱ्यावर कुणाच्या शाईचा ठिपका किंवा बँकेचा छोटा शिक्का असलेली नोट, एक, पाच, दहाच्या नोटा, या सगळ्यांना भाव कमी, कधी कधी सरळ परत. मी एकदा पाहिलं, एका मुलाच्या नोटेवर पेनानं बारीकसा आकडा लिहिलेला होता, भारतातल्याच कुठल्या तरी कॅशियरनं गड्डी मोजताना लिहिला असावा. बाईनं नोट दिव्याखाली धरली, अंगठ्यानं तो आकडा घासला, मान हलवली आणि काचेखालून परत सरकवली. पोराचा चेहरा बघवत नव्हता. म्हणून तिथून डॉलर घेताना प्रत्येक नोट उजेडात बघ. आणि बाबा इकडून डॉलर घेतील तेव्हा मी स्वतः त्यांच्याबरोबर जाणार आहे, कारण बाबा मोजतात पण बघत नाहीत. नोटा जाड पुस्तकात सपाट ठेव. ग्रेज अॅनाटॉमीचा यापेक्षा चांगला उपयोग परीक्षा झाल्यावर नाही.

सगळे सोम मात्र मोडू नकोस. परतशील तेव्हा मानास विमानतळावरून खोलीवर जायला टॅक्सी लागेल, सिम लागेल, दूध-पाव लागेल. तीन-चार हजार सोम ठेव. पन्नासाची एक कोरी नोट आईसाठी आण. तिच्यावर कुर्मानजान दात्काचं चित्र आहे, अलाईच्या डोंगराळ मुलखावर अधिकार गाजवलेली बाई. आई देव्हाऱ्याशेजारी लावेल, अंबादेवीच्या फोटोखाली, मला माहीत आहे.

‘पण ताई, डॉलर चढला तर?’ हेही तू विचारणारच. चढतो आणि उतरतोही. २०२२ च्या मार्चमध्ये रशियावर निर्बंध आले, रूबल कोसळला आणि त्याच्या शेपटाला बांधलेला सोमही घसरला. ८५ ला मिळणारा डॉलर १०५ च्या घरात गेला. बिश्केकमध्ये खिडक्यांसमोर रांगा. घाबरलेल्यांनी त्या भावानं डॉलर घेतले. उन्हाळा येईतो सोम पुन्हा ८० च्या आसपास. ज्यांनी घाबरून घेतले त्यांचे वीस-पंचवीस टक्के गेले. तुझं काम डॉक्टर होणं आहे, भाव ओळखणं नाही. फी डॉलरमध्ये आहे म्हणून डॉलर ठेवायचे, खर्च सोममध्ये आहे म्हणून तेवढे सोम. याच्यापुढे डोकं चालवलंस की तो सट्टा झाला. अकोल्याच्या पोरीला सट्टा म्हणजे काय हे सांगायला नको, कापसाच्या सट्ट्यात कुणाकुणाचे वाडे गेले ते आपण लहानपणापासून ऐकतोय.

भावाच्या तडाख्यातून मोठेमोठे सुटले नाहीत. डॉ. पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यातून १९२० मध्ये शिकायला विलायतेला गेले, शेतीच्या जिवावर. त्या वर्षाच्या सुरुवातीला रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते, आणि वर्ष उलटता उलटता तोच रुपया सव्वा-दीड शिलिंगावर आला. म्हणजे तेवढ्याच पौंडांना जवळपास दुप्पट रुपये मोजायचे. तरी एडिंबरा झालं, ऑक्सफर्डची डी.फिल. झाली, बॅरिस्टरी झाली. आपल्याकडे ज्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे त्यांच्या शिक्षणाच्या काळात रुपया असा कोलांट्या खात होता, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

आणि आपले भाऊजी? नायजेरियात होते तेव्हा पगार निम्मा नायरात, निम्मा इकडं रुपयात, असं त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं. सगळे हसले होते. २०२३ च्या जूनमध्ये सरकारनं नायरा मोकळा सोडला आणि डॉलर साडेचारशेवरून काही दिवसांत सहाशे-सातशेच्या पुढे, आणि पुढल्या फेब्रुवारीत दीड हजारावर. नायरात साठवणाऱ्यांची बचत तिथल्या तिथं विरघळली. बँकेत डॉलर मागायला गेलं तर मिळेना, आणि काळ्या बाजारात मिळेल तो खरा का खोटा कोण सांगणार. भाऊजींनी नायराचं जे हाती यायचं ते किराणा आणि घरभाड्यात संपवून टाकायची सवय ठेवली होती. आपली थोरली ताई फार कुरकुरायची तेव्हा, ‘माणूस चार नायरे साठवत नाही’ म्हणून.

आता बाबांकडून पैसे येतात ते कसे यावेत, हे थोडक्यात. बँकेतून, एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, फॉर्मवर शिक्षण हे कारण लिहून. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आपल्याला त्याचं काय करायचंय! टीसीएसची, म्हणजे बँकेनं आधीच कापून घ्यायच्या कराची, कटकट १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या वर गेलं तरच लागते, आणि कापला तरी रिटर्न भरून परत मिळतो. मधल्या बँकेचं शुल्क पाठवणाऱ्यानं भरायचं असं लिहायला सांग, नाही तर विद्यापीठाला फी वीस-तीस डॉलरनं कमी पोचते आणि डीनच्या ऑफिसात तुलाच उभं करतात. बाबांना रोखीनं डॉलर घ्यायचे असतील तर पन्नास हजार रुपयांपर्यंतच नोटा देता येतात, त्यावर चेक किंवा ऑनलाइन. बहुतेक देशांना जाताना तीन हजार डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, बाकी कार्डावर. पण रशिया आणि सीआयएस, म्हणजे जुन्या सोव्हिएत संघातल्या, देशांसाठी ही अट नाही, किर्गिझस्तान त्यात येतं. अमरावतीतला फॉरेक्सवाला हे माहीत नसल्यासारखं करेल. नम्रपणे पण ठामपणे सांगायचं. आणि आठवडाभर आधी सांगायचं, कारण त्याच्याकडे एवढ्या कोऱ्या नोटा पडलेल्या नसतात, नागपूरहून मागवतो. सगळं रोखीनं मात्र नेऊ नये, नियम परवानगी देतो म्हणून काय झालं?

फॉरेक्स कार्डावर डॉलर भरलेले असतील तर मशिनमधून सोम काढताना बँक वर तीन-साडेतीन टक्के लावते. तिथल्या काही मशिनमधून डॉलरही निघतात. डॉलरच काढ आणि खिडकीवर मोड, तो जादा आकार वाचतो. आणि वाटेत दुबई-इस्तंबूलला कुठं मशिननं ‘रुपयात हिशेब करू का?’ असं गोड विचारलं तर नाही म्हण. तिथल्याच चलनात घे. ते गोड विचारणं पाच-सात टक्क्यांचं असतं.

खोलीत आठवडाभराचे सोम रोख ठेव, हे मात्र विसरू नको. १७-१८ मे २०२४ ची ती रात्र आठव, बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर जमाव चालून गेला. दूतावासानं बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. त्या दिवसांत खिडकीही नाही, मशिनही नाही. ज्यांच्याकडे सुटे सोम होते त्यांनी खालच्या दुकानातून पाव-अंडी मागवली. बाकीच्यांनी मॅगीची पाकिटं वाटून खाल्ली.

येताना डॉलर तू हातातल्या बॅगेत ठेव, सुटकेसमध्ये नाही. तिथून निघताना दहा हजार डॉलरच्या वर असेल तर जाहीर करावं लागतं, इकडं उतरताना पाच हजारांच्या वर नोटा असतील तर. तुझे सातशेही नाहीत, ताठ मानेनं ग्रीन चॅनलमधून ये. बाबा तुला सोडायला आले होते तेव्हाचे त्यांच्याकडे अडीचशे डॉलर अजून कपाटात आहेत. परतल्यावर १८० दिवसांत उरलेलं बँकेला द्यायचा नियम आहे, पण दोन हजार डॉलरपर्यंत नोटा जवळ ठेवता येतात, म्हणून ते तिथंच राहू दे म्हटलं. तुझे डॉलर त्यात मिळव. फीच्या पहिल्या हप्त्याला ते चांगले हातभार लावतील.

आणि ऐक, त्या दादानं बाबांचा यूपीआय नंबर आधीच मागून घेतलाय. बाबांनी उत्साहानं दिलाही. कालच मला सांगत होते, ‘पोरीचे पैसे येऊन राह्यले, बँकेत जायचं काम नाही.’ मी कितीही सांगितलं तरी त्यांना वाटतं मी नेहमी मोडताच घालते. तू आज रात्रीच फोन कर. आधी त्या दादाला, की नको म्हणून. मग बाबांना.